गरम पाणी ११० अंश : न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी जरा जास्तच केलं का?

सातारकर_वकील

नळाचं गरम पाणी ११० अंश फॅरनहाइट, भांडी धुण्याच्या यंत्राला १८०. वॉर्डातलं तापमान ६८ च्या खाली जाता कामा नये आणि ८३ च्या वरही. आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक शॉवर, एका खोलीत सहाच्या वर माणसं नकोत. वाचून पीडब्ल्यूडीचं टेंडर वाटेल, पण आहे तो सरकारी मनोरुग्णालयांसाठीचा कोर्टाचा हुकूम. साल १९७२, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचं फेडरल, म्हणजे केंद्राचं, जिल्हा न्यायालय, न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन (धाकटे).

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: जन्म १९१८, उत्तर अलाबामातली विन्स्टन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). दुसऱ्या महायुद्धात पायदळात, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी. मग वकिली, सरकारी वकील, आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी न्यायाधीश नेमलं तेव्हा वय जेमतेम सदतीस. १९७९ पर्यंत त्याच कोर्टात, पुढे अपील कोर्टात. १९९९ मध्ये वारले. बस, शाळा, मतदारयाद्या, ज्युरी, मनोरुग्णालयं, तुरुंग... अलाबामा सरकार जे जे चालवत होतं, ते कधी ना कधी या माणसासमोर येऊन उभं राहिलं.

वर्णभेदाविरुद्धच्या त्यांच्या निकालांना माझा मुजरा आहे, त्यावर वाद घालायचा नाही. प्रश्न पुढचा आहे. राज्याने घटना मोडली एवढं सांगून कोर्टाने थांबावं की पाणी किती गरम हेही सांगावं? पैसे खर्च करायचे विधानसभेने, माणसं भरायची खात्याने, आणि यादी करणार न निवडून आलेला, आयुष्यभरासाठी नेमलेला एक माणूस. आज तो जॉन्सन होता म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या तीच खुर्ची एखाद्या विक्षिप्ताला मिळाली तर? मला तरी हे न्यायाधीशाचं काम वाटत नाही. मतं येऊ द्या.

अर्धवटराव

पंधरांमागे एक शॉवर?? आमच्या होस्टेलचा खटला कुणी चालवला नाही तो.

निशिगंधा_एन

मूळ प्रश्नावर नंतर येते, आधी बसबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. माँटगोमेरीच्या बसमधला भेदभाव, गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या खटल्याने संपला असं सर्रास समजलं जातं. पार्क्सबाईंचा खटला शहराच्या कोर्टात दंडाचा होता. बसचा कायदा पडला तो ब्राउडर विरुद्ध गेल या दाव्यात, आणि त्यात वादी होत्या वेगळ्या चौघी : ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विन तेव्हा शाळकरी मुलगी. पार्क्सबाईंच्या कितीतरी महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, जागेवरून उठायला नकार दिला म्हणून तिला पोलिसांनी नेलं होतं.

तारखा बघा. जॉन्सन यांची नेमणूक ऑक्टोबर १९५५ ची, पण ती सेनेट सुट्टीवर असताना केलेली, म्हणजे तात्पुरती. डिसेंबरात बस-बहिष्कार सुरू झाला. सेनेटने त्यांना कायम केलं ३१ जानेवारी १९५६ ला. फ्रेड ग्रे या कृष्णवर्णीय तरुण वकिलाने दावा दाखल केला १ फेब्रुवारीला! शाई वाळायच्या आत.

पीठ तिघांचं होतं. रिचर्ड राइव्ह्ज आणि जॉन्सन एका बाजूला, सेबर्न लिन विरोधात. ५ जूनला निकाल, १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, आणि २१ डिसेंबरला लोक बसमध्ये हव्या त्या जागेवर बसले. राइव्ह्ज माँटगोमेरीचेच, जुन्या ओळखींतले. त्यांच्याशी गावाने बोलणं टाकलं. जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला.

बापू_हिंगणघाट

पण त्या काळात, त्या राज्यात, गोरा माणूस असा निघालाच कसा? घरचं वळण म्हणायचं की काय बावा?

हंट्सविलची_ताई

बापू, वळण घरचंही आणि काउंटीचंही. आम्ही उत्तर अलाबामातच राहतो, विन्स्टन काउंटी इथून फार लांब नाही. डोंगराळ, खडकाळ भाग. कापसाचे मोठे मळे तिथे झालेच नाहीत, त्यामुळे गुलाम बाळगणारे थोडे. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा विन्स्टनने प्रतिनिधी पाठवला क्रिस्टोफर शीट्स नावाचा विशीतला शाळामास्तर. त्याने फुटीच्या ठरावावर सही करायला नकार दिला आणि पुढे तुरुंगात गेला. काउंटीचं म्हणणं असं, की राज्य संघातून फुटू शकतं तर काउंटी राज्यातून का नाही? म्हणून अजून लोक 'फ्री स्टेट ऑफ विन्स्टन' म्हणून मिरवतात.

तेव्हापासून तिथली घराणी रिपब्लिकन, म्हणजे लिंकनचा पक्ष धरून बसलेली. बाकी सगळं राज्य डेमोक्रॅट. जॉन्सन यांचे वडील रिपब्लिकन म्हणून अलाबामाच्या विधानसभेत होते, तिथे ते जवळजवळ एकटेच. आता आयझेनहॉवर रिपब्लिकन. त्यांना दक्षिणेत आपल्या पक्षाचा लायक वकील नेमायचा तर शोधणार कुठे? तसली माणसं उगवत होती तीच मुळी असल्या कोपऱ्यांत. आता रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांची अलाबामात पूर्ण अदलाबदल झाली आहे, त्यामुळे आजच्या चष्म्यातून ते कोडं सुटत नाही.

टवाळ_कार्टा

थोडक्यात, अलाबामाचे रामशास्त्री.

कडूनिंब

आलेच का रामशास्त्री! धाग्यावर न्यायाधीश दिसला की दहाव्या प्रतिसादाच्या आत शास्त्रीबुवा हजर. माणसाला माणूस राहू द्या.

जॉन्सन यांचा पहिल्या काळातला एक निकाल कुणी सांगत नाही, मी सांगतो. टस्कीगी नावाचं गाव. हद्द साधी चौकोनी. तिथले कृष्णवर्णीय मतदार वाढायला लागले तशी विधानसभेने १९५७ मध्ये हद्द अशी काही कातरली की गावाला अठ्ठावीस बाजू झाल्या. जवळपास चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे गावाबाहेर, गोरा मात्र एकही नाही. चार्ल्स गोमिलियन हे तिथल्या शिक्षणसंस्थेत समाजशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी दावा लावला. दावा आला आपल्या शास्त्रीबुवांसमोर, आणि त्यांनी तो फेटाळला! गावाची हद्द ठरवणं विधानसभेचा अधिकार, कोर्टाने पडू नये म्हणून. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निकाल उलटवला.

सातारकर_वकील

@कडूनिंब, तुम्ही माझंच काम केलंत. १९५८ चे जॉन्सन म्हणतात, हद्द विधानसभेचा विषय. १९७२ चे जॉन्सन वॉर्डातली थंडी मोजतात. १९४६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मतदारसंघांच्या राजकीय भानगडीत कोर्टांनी शिरू नये असं म्हटलं होतं, खालच्या कोर्टाचा न्यायाधीश त्याला धरून चालला. ती शिस्त होती. मध्ये काय झालं?

तिरपी_रेघ

मध्ये जॉर्ज वॉलेस झाले. :)

हा किस्सा ठाऊक नसेल तर खाली बसा. वॉलेस आणि जॉन्सन अलाबामा विद्यापीठात कायद्याचे सहाध्यायी, चांगली ओळख. १९५८ मध्ये वॉलेस गव्हर्नरची प्राथमिक निवडणूक हरले, कारण समोरच्याने वर्णभेदाचा सूर त्यांच्यापेक्षा वर लावला होता. वॉलेस तेव्हा राज्याच्या सर्किट कोर्टात न्यायाधीश. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दप्तरं मागितली, वॉलेस म्हणाले देत नाही, आलात तर आत टाकतो. जॉन्सन यांनी हुकूम काढला : दप्तरं द्या, नाहीतर अवमान.

पुढचं जॉन्सन यांनीच नंतर सांगितलेलं. वॉलेस रात्री गुपचूप त्यांच्या घरी. विनंती अशी, की मला अवमानाबद्दल थोडेच दिवस तुरुंगात टाक, माझी पुढची निवडणूक पक्की होईल. जॉन्सन म्हणाले, हुकूम मोडलास तर हात आखडता घेणार नाही, जास्तीत जास्त देईन. मग वॉलेस यांनी दप्तरं ग्रँड ज्युरींकडे (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) दिली आणि ग्रँड ज्युरींनी ती आयोगाला दाखवली. बाहेर मात्र गर्जना चालूच, मी झुकलो नाही. जॉन्सन यांनी निकालात लिहून टाकलं की आडमार्गाने का होईना, दप्तरं दिली गेली आहेत, सबब अवमान झालेला नाही. म्हणजे शिक्षा नाही आणि हौतात्म्यही नाही! याच्याइतका मोठा अपमान राजकारण्याचा दुसरा नसेल. वॉलेस यांनी त्यानंतर भाषणाभाषणांतून त्यांना खोटारडा म्हणत शिव्यांची लाखोली वाहिली. १९६२ मध्ये गव्हर्नरपदी निवडूनही आले.

अर्धवटराव

हा न्यायाधीश तंबाखू चघळायचा असं कुठेतरी वाचलंय. खरं का? मळून की तयार?

तिरपी_रेघ

खरंय. रेड मॅन नावाची तयार पुडी. चुन्याचा उल्लेख नाही. फावल्या वेळात सुतारकाम, घरच्या वर्कशॉपमध्ये उंच घड्याळं बनवायचे, आणि मासेमारी.

बापू_हिंगणघाट

चुना नाही तं मग काय मजा. धागा भरकटला म्हणून ओरडायच्या आत मी जातो.

मिलिंद_बफेलो

अलाबामातल्या सेल्मा गावाचं कुणी लिहिलं नाही अजून. ७ मार्च १९६५, एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीला निघालेला मोर्चा झोडपून काढला. त्यानंतर मार्टिन ल्युथर किंग यांच्या बाजूने कोर्टात धाव घेतली. होझिया विल्यम्स, जॉन लुइस वगैरे वादी. जॉन्सन यांनी काय करावं? सुनावणी होईपर्यंत मोर्चाच काढू नका असा हुकूम! लोक तयार उभे, आणि हा म्हणतो थांबा. ९ तारखेला किंग पुलावर गेले, प्रार्थना केली, मागे फिरले. त्यांच्याच चळवळीतली तरुण मंडळी त्यावरून त्यांच्यावर चिडली. मार खाल्लेल्यांना थांबवणारा न्यायाधीश मला काही फारसा पटत नाही. तुमच्या कौतुकाच्या आरतीत हे कडवं घाला.

निशिगंधा_एन

मिलिंद, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्यानंतर चार-पाच दिवस सुनावणी चालली. पुलावरच्या मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली. १७ मार्चच्या हुकमात त्यांनी जे सूत्र मांडलं ते वकिलांनी जरूर वाचावं : मोर्चाचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध तो आहे त्याच्या मोठेपणाच्या प्रमाणात ठरवायचं. आणि इथला अन्याय प्रचंड आहे. एरवी पन्नासहून जास्त मैल हमरस्ता अडवून चालायला कोणतं कोर्ट परवानगी देतं? त्यांनी दिली, पण तपशिलासकट. रस्ता दोनपदरी होतो त्या टप्प्यात तीनशेच माणसं, राज्याने संरक्षण द्यायचं. वॉलेस म्हणाले आम्हाला परवडत नाही, मग राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी (हे वेगळे जॉन्सन, नात्यातले नाहीत) नॅशनल गार्ड (राज्याची राखीव फौज) केंद्राच्या ताब्यात घेऊन उभे केले. २१ ला निघाले, २५ ला माँटगोमेरी.

आधी थांबवलं म्हणूनच नंतर सगळी फौज त्यांच्या बाजूने उभी करता आली असं मला वाटतं. पोलिसांसमोर पुन्हा तसंच सोडलं असतं तर?

मिलिंद_बफेलो

'थांबा, नंतर न्याय मिळेल' हे वाक्य त्या लोकांनी शंभर वर्षं ऐकलं होतं. माझं मत कायम.

हंट्सविलची_ताई

२५ मार्चच्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी गोळ्या घातल्या. डेट्रॉइटची, पाच मुलांची आई. राज्याच्या कोर्टात खुनाचा आरोपी सुटला. मग केंद्राने नागरी हक्क भंगाचा खटला भरला तो जॉन्सन यांच्यासमोर. ज्युरी गोरे, सगळे पुरुष. अडकले, एकमत होईना म्हणाले. जॉन्सन यांनी त्यांना परत खोलीत धाडलं. तिघांनाही दोषी धरलं आणि प्रत्येकी दहा वर्षं, कायद्यात होती तेवढी पूर्ण.

आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच पीठाने सांगितलं की कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ज्युरीतून वगळणं घटनेत बसत नाही. तोवर अलाबामाच्या ज्युरीवर बायका नव्हत्याच.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घराला बॉम्ब लावला. लावणाऱ्यांनी ते न्यायाधीशांचंच घर समजलं असावं. आई आत होत्या, बचावल्या. वर्षानुवर्षं दारात मार्शलांचा पहारा, गावातले बरेच लोक ओळख दाखवत नसत. १९७५ मध्ये त्यांचा दत्तक मुलगा, एकुलता एक, आत्महत्येने गेला. त्याचं कारण हेच असं म्हणायला मी धजणार नाही, लोक जोडतात ते बरोबर नाही. पण त्या घराने काय काय पाहिलं एवढंच.

सुमन_वॉर्डनंबर४

मी मानसोपचार विभागात परिचारिका होते, आता निवृत्त. कुठे ते लिहीत नाही. सातारकर वकीलसाहेब, तुम्ही गरम पाण्यावर हसलात म्हणून लिहिते.

वॉर्डात गरम पाण्याचा हिशेब चुकला तर काय होतं ते मी पाहिलंय. ज्याला पाणी पोळतंय हे सांगता येत नाही त्याला कुणीतरी बादलीखाली बसवतं. भाजलेली पाठ आम्हीच ड्रेसिंग करायची. बाकी वेळ पाणीच नाही, म्हणून आंघोळच नाही, म्हणून खरूज. त्यामुळे ११० अंश हा आकडा मला न्यायाधीशाचा आगाऊपणा वाटत नाही. हाताला सोसेल आणि अंगाला पुरेल एवढा तो आकडा आहे.

टस्कलूसाच्या ब्राइस रुग्णालयाचं पुढे वाचलं. पाच हजारांवर रुग्ण. प्रत्यक्ष उपचारात माणसं किती? पीएच.डी. झालेला मानसशास्त्रज्ञ एक, मानसोपचाराचं थोडंफार शिक्षण असलेले डॉक्टर तीन, समाजसेवक दोन. बस. एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर पन्नास सेंटसुद्धा खर्च नव्हता. हजार-दीड हजार म्हातारी माणसं, ज्यांना वेड असं काही नव्हतंच, घरच्यांनी आणून सोडलेली. हे शेवटचं वाचताना मला परदेश वाटलाच नाही. मतिमंदांची पार्टलो ही वेगळी संस्था, तिथे एकाला बोटं चोखतो म्हणून नऊ वर्षं हात बांधणाऱ्या झग्यात ठेवलं होतं. नऊ वर्षं.

ज्याच्या नावाने दावा झाला तो रिकी वायट पंधरा वर्षांचा होता. वेडा नव्हता, द्वाड होता, म्हणून तिथे टाकलेला. मावशी तिथेच कामाला. १९७० मध्ये सिगरेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं, म्हणून जवळपास शंभर कर्मचारी काढले, मावशीही त्यात. खटला सुरू झाला तो खरं तर नोकऱ्या गेल्या म्हणून.

जॉन्सन यांनी नोकऱ्यांचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, की उपचारासाठी म्हणून तुम्ही या माणसांना जबरदस्तीने कोंडलंय ना? मग उपचार कुठे आहेत? उपचार नाहीत तर मग हा तुरुंगच. मला कायद्यातलं कळत नाही, पण इतकं सरळ वाक्य मी आमच्या कुठल्याही साहेबाच्या तोंडून ऐकलं नाही.

कडूनिंब

सुमनताई, __/\__

तिरपी_रेघ

सुमनताईंच्या प्रतिसादाला जोड म्हणून, कारण सातारकरांच्या मांडणीत एक टप्पा गळलाय. मार्च १९७१ च्या पहिल्या हुकमात पाण्याबिण्याचा आकडाच नव्हता. एवढंच होतं की उपचाराचा हक्क आहे, सहा महिन्यांत योजना करून आणा. राज्याने आणलेलं पुरेसं नव्हतं. मग मानसोपचाराच्या व्यावसायिक संघटनांना कोर्टाचे मित्र म्हणून बोलावलं, सुनावण्या झाल्या. आणि ती जी टेंडरसारखी यादी आहे, तिच्यातला मोठा भाग दोन्ही पक्षांनी मिळून मान्य करून दिलेला आहे. राज्याच्या वकिलांच्या सह्यांनिशी! खात्याचे आयुक्त स्टोनवॉल स्टिकनी, ज्यांच्यावर दावा होता, तेही मनातून फार दुःखी नसावेत. विधानसभेकडे भीक मागून मिळत नव्हतं ते कोर्टाच्या हुकमाने मिळणार होतं.

म्हणजे जॉन्सन रात्री जागून थर्मामीटर घेऊन बसले नव्हते.

सातारकर_वकील

पक्षांनी मान्य केलं म्हणून कोर्टाने हुकूम करावा, ही तर माझी दुसरी हरकत आहे. प्रतिवादी आयुक्त मनातून वादीच्या बाजूने असेल, तर करदात्याच्या बाजूने बोलणारा त्या खोलीत होता कोण? लुटुपुटूची लढाई झाली ही.

तुरुंगांच्या निकालाचंही तेच. १३ जानेवारी १९७६. प्रत्येक कैद्याला किमान ६० चौरस फुटांची कोठडी, वर एकोणचाळीस जणांची मानवी हक्क समिती. वॉलेस यांनी मग आपल्याला मत दिलं तर काही फेडरल न्यायाधीशांना काटेरी तारेचा एनिमा मिळेल अशी भाषा वापरली, ती अर्थातच गलिच्छ. पण अपील कोर्टाने १९७७ मध्ये ती समिती बरखास्त करायला लावली हे विसरू नका. एनिमावाले नव्हते ते, जॉन्सन यांच्याच पंगतीतले न्यायाधीश होते.

टवाळ_कार्टा

या एका वाक्यासाठी धागा वाचनखुणेत साठवला आहे. कोणतं ते विचारू नका.

निशिगंधा_एन

तुरुंगात काय होतं ते लिहिलं नाहीत, वकीलसाहेब. ड्रेपर तुरुंगात शिक्षेच्या कोठड्या होत्या, त्यांना 'डॉगहाउस' म्हणत. चार फूट बाय आठ फूट. एकेकीत सहा-सहा माणसं. खाट नाही, दिवा नाही, पाणी नाही, जमिनीत एक भोक, आणि ते धुवायचं तर बाहेरून कुणीतरी धुणार. सुनावणी चालू असतानाच राज्याच्या वकिलांनी घटनाभंग कबूल केला. कबूल केल्यावर पुढे काय? 'करा की मग' असं म्हणून घरी जायचं?

शिरीष_पुणे३०

थोडं आपल्याकडचं. शीला बारसे या पत्रकार, त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांकडून पोलीस कोठडीत काय झालं ते ऐकून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. १९८३ चा निकाल. कोर्टाने काय सांगितलं? बायकांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच, अटक झाली की वकील-मदत समितीला लगेच कळवायचं, शहराच्या न्यायाधीशाने अधूनमधून अचानक जाऊन बघायचं. तेही यादीच की. जंगलांच्या गोदावर्मन खटल्यात तर सुप्रीम कोर्ट १९९५ पासून झाडं मोजतंय. सातारकर, आपण ज्या व्यवस्थेत वकिली करता तिने हे कधीच पचवलंय.

मला जॉन्सन यांच्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, आपल्याकडे उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. त्याच वर्षी माँटगोमेरीत जॉन्सन तुरुंगांचा निकाल देत होते, आणि वॉलेस कितीही थयथयाट करोत, त्यांना अलास्काला पाठवू शकत नव्हते. पगार कमी करू शकत नव्हते. आजन्म नेमणूक, महाभियोगाशिवाय हात लावता येत नाही. 'न निवडून आलेला, आयुष्यभरासाठी नेमलेला' असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. अहो, तेच तर त्याचं चिलखत होतं. राज्याचे न्यायाधीश अलाबामात निवडून येत. स्वतः वॉलेस तसे न्यायाधीश होते!

कडूनिंब

शिरीषराव, मुद्दा चोख. फक्त चिलखत घरच्यांना नव्हतं.

मिलिंद_बफेलो

आणि आजन्म नेमणुकीचं चिलखत वाईट न्यायाधीशालाही तेवढंच घट्ट बसतं. मिसिसिपीचे हॅरल्ड कॉक्स त्याच काळातले, तेही आजन्मच, आणि मतदार नोंदणीला आलेल्या कृष्णवर्णीयांची त्यांनी भर कोर्टात चिंपांझींशी तुलना केली. त्यांना नेमलं होतं केनेडींनी. सातारकरांच्या 'विक्षिप्त न्यायाधीशा'ला कल्पनेत शोधायची गरज नाही, शेजारच्याच राज्यात बसला होता.

सातारकर_वकील

+१. हेच म्हणायचं होतं मला पहिल्यापासून.

हंट्सविलची_ताई

एवढा काथ्याकूट झालाय तर एक माहिती टाकते, कुणाच्याच बाजूने नाही.

वायट खटला संपला डिसेंबर २००३ मध्ये. तेहेतीस वर्षं. संपवला न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी. हे थॉम्पसन म्हणजे जॉन्सन १९७९ मध्ये अपील कोर्टात गेल्यावर जी जागा रिकामी झाली तिच्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेले. कृष्णवर्णीय. आणि जन्मगाव टस्कीगी. हो, तेच अठ्ठावीस बाजूंचं टस्कीगी. हद्द कातरली तेव्हा ते दहा वर्षांचे असतील.

आता पुढे. २०१७ मध्ये याच थॉम्पसन यांनी निकाल दिला की अलाबामाच्या तुरुंगांतली मनोरुग्णांची देखभाल इतकी वाईट आहे की घटनेचा भंग होतो. म्हणजे जॉन्सन यांची रुग्णालयं आणि जॉन्सन यांचे तुरुंग, दोन्ही दुखणी एकत्र, एक्केचाळीस वर्षांनी, त्याच खुर्चीपुढे. २०२० मध्ये केंद्र सरकारने पुरुषांच्या तुरुंगांतल्या हिंसाचारावरून राज्यावर दावा लावला.

आम्ही पाहुण्यांना माँटगोमेरीला नेतो तेव्हा कोर्टाची इमारत बाहेरून दाखवतो, जॉन्सन यांचंच नाव आहे तिला. लगतच जुनं ग्रेहाउंड बसस्थानक, १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सना (बसप्रवासातला भेदभाव मोडायला काळे-गोरे एकत्र निघालेले प्रवासी) जिथे मारलं ते. आता तिथे संग्रहालय आहे. त्या मारहाणीनंतर क्लॅनला आणि काहीही न करणाऱ्या शहर पोलिसांनाही मनाई हुकूम देणारे जॉन्सनच.

सुमन_वॉर्डनंबर४

तेहेतीस वर्षांत ब्राइसमधली गर्दी खूप कमी झाली असं वाचलं. पण बाहेर काढलेल्यांपैकी किती जणांना घर मिळालं आणि किती रस्त्यावरून तुरुंगात गेले, ते ताईंच्या दुसऱ्या परिच्छेदावरून दिसतंच आहे. हुकमाने खाटा कमी करता येतात. गावात दवाखाना काढायला पैसे लागतात आणि ते पुन्हा विधानसभेकडेच. तरीही मी त्या हुकमाच्या बाजूने आहे. झग्यात बांधलेल्या त्या माणसाला विधानसभा सुधारायची वाट बघायला सांगायचं का?

सातारकर_वकील

सुमनताई, तुमच्यासमोर मी उलटतपासणी घेणार नाही.

पण म्हणणं सोडतही नाही. ताईंनी दिलेला हिशेबच माझा पुरावा आहे. तेहेतीस वर्षं कोर्ट खातं चालवत राहिलं की आमदारांना एक छान सवय लागते : आपण काही करायचं नाही, कोर्टाने सांगितलं की निमूट थोडं करायचं, आणि मतदारांसमोर कोर्टाला शिव्या द्यायच्या. वॉलेस यांचं अख्खं राजकारण त्यावर चाललं. प्रत्येक हुकूम म्हणजे त्यांना आयतं भाषण. रात्री घरी जाऊन मागितलेली ती अवमानाची शिक्षा जॉन्सन यांनी दिली नाही, पण निवडणुकीचा मुद्दा मात्र पुढे पंधरा-वीस वर्षं पुरवत राहिले.

तिरपी_रेघ

वा, हे वाक्य मान्य नसूनही आवडलं. पण १९७९ सांगायचं राहिलंय. वॉलेस पायउतार झाले, फॉब जेम्स नवे गव्हर्नर आले, आणि जॉन्सन यांनी तुरुंगखातं रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या, ताब्यात दिलं. रिसीव्हर म्हणून नेमलं कुणाला? खुद्द गव्हर्नर जेम्सना! त्याच वर्षी मनोरुग्णालयांचंही तेच केलं. म्हणजे 'कोर्ट आमच्या डोक्यावर बसलंय' म्हणायची सोयच ठेवली नाही. कोर्टाचा माणूस कोण, तर तूच. निवडून आलेल्याच्या गळ्यात कोर्टाने घंटा बांधली. ज्याला तुम्ही विधानसभेचं आणि खात्याचं काम म्हणता, ते त्यांनी शेवटी त्यांच्याच पदरात टाकलं की.

सातारकर_वकील

हे मला विचार करायला लावणारं आहे. जेम्स यांनी रिसीव्हर म्हणून नेमकं काय केलं, पैसे कुठून उभे केले, ते कुणी लिहू शकेल का? विधानसभेने ऐकलं की त्यांनाही ठेंगा दाखवला?

टवाळ_कार्टा

त्यासाठी वेगळा धागा काढा ओ. इथे मला अजून तंबाखूवर बोलायचंय.